अगेट झालेलं डायनासोरचं शेण: आडवं कापावं की उभं?

गारगोटी
युटामधल्या हेन्री पर्वतांच्या बाजूचा, मॉरिसन नावाच्या खडकथरातला 'डायनासोरचा कॉप्रोलाइट' (दगड झालेली विष्ठा) म्हणून दुकानात मिळणारा, अगेट (अकीक) झालेला गोळा कापायचा आहे. माप ११ × ८ × ७ सेंमी, वजन ८०० ग्रॅमच्या आसपास. बाहेरून मातकट तपकिरी. एका टोकाचा टवका उडालाय, तिथून आतला लाल-पिवळा अगेट आणि काळ्या रेघा दिसतात. चाकूचं टोक ओढलं तर दगडावर ओरखडा उठत नाही, उलट पात्याचीच करडी रेघ उमटते.

हाताशी १० इंची ब्लेडची सॉ, म्हणजे दगड कापायची करवत आहे (काप सव्वा मिमीचा जातो), ८० ते ३००० ग्रिटचं (आकडा मोठा तितका कण बारीक) सहा चाकांचं कॅबिंग मशीन आहे आणि पॉलिशला सेरियम ऑक्साइड आहे.

हवंय एवढंच: ४० × ३० मिमीचे दोन-तीन चांगले कॅब (दागिन्यात बसवायचे घुमटाकार घासलेले खडे) आणि कपाटात ठेवायला एक मोठा चकचकीत तुकडा. माझं मत आडवं (लांबीला काटकोनात) कापावं, कारण स्लॅब जास्त पडतात. जाणत्यांचं काय म्हणणं? शिवाय पॉलिश करताना मऊ भाग खाली बसून खड्डे पडतात, त्यावर उपाय सांगा.

मिस्कील_मोरू
आमच्याकडे शेण थापतात, सारवतात, गोवऱ्या लावतात. कापतात हे आज कळलं. वास येतो का हो?

गारगोटी
@मोरू, नाही. मूळचा सेंद्रिय भाग केव्हाच गेला, त्याच्या जागी सिलिका आली. वास आलाच तर सॉमधल्या तेलाचा.

अकीकवाला
आधी हिशोब करा. ६ मिमीचा स्लॅब आणि सव्वा मिमीचा काप, म्हणजे स्लॅबमागे सव्वासात मिमी. ११ सेंमीत कागदावर पंधरा बसतात, दोन्ही टोकांची टरफलं सोडली तर अकरा-बारा हाती येतात. उभं कापलं तर कामाचे सहा-सात, पण प्रत्येकाचा चेहरा जवळजवळ ११ × ८ चा. आता मुद्दा असा की मधल्या एका आडव्या स्लॅबमधूनही ४० × ३० चे दोन कॅब निघतात. तुम्हाला हवेत तीन. बारा स्लॅब करून लोणचं घालणार का?

म्हणून सगळा गोळा कापू नका. टवका उडालेल्या टोकाकडून साधारण एक सेंमी आत एक आडवा काप घ्या. याला आम्ही खिडकी म्हणतो. आत काय आहे ते बघा आणि मगच पुढची दिशा ठरवा. भेगा लांबीच्या दिशेने धावत असतील तर आडव्या स्लॅबचे हातात तुकडे होतात. भेगा आडव्या असतील तर उभा काप सुटतो. हे बाहेरून कळत नाही.

पकड हा यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. वेडावाकडा गोळा सॉच्या शिकंज्यात दोन बिंदूंवर धरला की कापाच्या शेवटी तो फिरतो, ब्लेड अडकतं, वाकतं, आणि वाकलेलं ब्लेड परत सरळ होत नाही. गोळा प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बसवा. श्रीखंडाचा चौकोनी डबा घ्या, वजनाने पाण्याच्या दीडपट प्लास्टर कालवा, गोळा अर्धा बुडेल एवढं ओता. अर्ध्या तासात धरतं, पण कापायला दुसऱ्या दिवशीच घ्या. ओलं प्लास्टर ब्लेडला लगदा होऊन चिकटतं. त्याआधी गोळ्याला पातळ प्लास्टिक गुंडाळलं तर नंतर प्लास्टर खरवडत बसावं लागत नाही.

प्राजू_कोथरूड
वाचनखूण साठवली. पण हे खरंच डायनासोरचं आहे हे कशावरून? शिकवणीला येणाऱ्या मुलांना दाखवायला असं काही घ्यायचं मनात आहे, आणि ऑनलाइन तर 'डायनासोर पू' म्हणून काहीही विकतात.

भूस्तर
@प्राजू, याच प्रश्नाने धागा सुरू व्हायला हवा होता.

कॉप्रोलाइट ओळखताना चार गोष्टी बघतात: आकार, रासायनिक घटक, आत अडकलेले अवशेष आणि तो कुठल्या थरात, कशाच्या सोबतीने सापडला. एकट्या आकारावर भरवसा नको. चिखलाच्या गाठी, लोहयुक्त गोळे, भेगाळलेले चुनखडीचे गोळे हे सगळे हुबेहूब 'तसे' दिसतात.

मांसाहाऱ्याची विष्ठा तुलनेने सोपी. हाडं पचून त्यातलं कॅल्शियम फॉस्फेट विष्ठेतच उतरतं, त्यामुळे ती लवकर दगड होते आणि आत हाडांचे तुकडे, माशांचे खवले दिसतात. कॅनडातल्या सस्कॅचवानमधला ४४ सेंमी लांबीचा नमुना १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात तीस ते पन्नास टक्के हाडांचे तुकडे होते आणि आकार-काळ बघता टायरॅनोसॉरशिवाय दुसरा दावेदार नव्हता. शाकाहाऱ्याच्या विष्ठेत फॉस्फेट कमी, ती टिकतेच कमी. टिकली तर ओळख पटवायला आत चावलेलं लाकूड, पानांच्या पेशी असं काही दिसावं लागतं. मोंटानातल्या टू मेडिसिन थरातल्या नमुन्यांत शंकुधारी झाडांच्या लाकडाचे तुकडे आहेत, आणि त्यात शेणकिड्यांनी पोखरलेली बिळंही १९९६ साली दाखवली गेली. बिळं पाडणारा किडा हा शेणाचा उत्तम साक्षीदार.

आता मॉरिसनमधला कापायचा माल. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांत हाडही दिसत नाही आणि वनस्पतीची पेशीही दिसत नाही. अगेटने सगळं बदलून टाकलंय. त्यामुळे प्रामाणिक चिठ्ठी अशी हवी: 'संभाव्य कॉप्रोलाइट, मॉरिसन, युटा'. दुकानदार 'संभाव्य' खोडतो कारण तो शब्द लिहिला की भाव पडतो.

मिस्कील_मोरू
म्हणजे शेण आहे की नाही हेच माहीत नाही, आणि लोक अंगठीत घालून फिरतायत.

सॉल्टलेक_सदाशिव
वॉशिंग्टन राज्यातल्या सॅमन क्रीकचे गोळेही या यादीत घाला. ऑनलाइन जे अगदी 'आत्ताच पडलंय' असे वळ्या-वळ्यांचे, टोकाला निमुळते तपकिरी नमुने दिसतात ते बहुतेक तिथले. तो विल्क्स थर मायोसीन काळातला, म्हणजे डायनासोरांच्या कितीतरी नंतरचा. डायनासोर ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले, त्यामुळे ते डायनासोरचं असणं शक्यच नाही. मुळात ती विष्ठा आहे का यावरही वाद आहे. मूळ घटक सिडेराइट म्हणजे लोहाचं कार्बोनेट. आत हाड नाही, खवला नाही. मऊ गाळ दाबाखाली पोकळ ओंडक्यांतून पिळून बाहेर आला असावा असं एक मत आहे. तरी २०१४ साली तिथला ४० इंची नमुना लिलावात दहा हजार डॉलरच्या वर गेला.

घरच्या घरी चाचणी: दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. लगेच फसफसलं तर कॅल्साइट. गार असताना गप्प आणि कोमट केल्यावर फसफसलं तर सिडेराइटचा संशय. काहीच झालं नाही आणि चाकूने ओरखडाही उठला नाही तर सिलिका. ओरखडा उठतो पण फसफसत नाही, तर फॉस्फेट असू शकतं. हातमोजे घाला, नंतर भरपूर पाण्याने धुवा.

सातारी_कंदी
जीभ लावून बघतात असं ऐकलंय. चिकटली तर खरं.

भूस्तर
ती चाचणी सच्छिद्र हाडासाठी सांगतात, आणि तिथेही वाळलेला चिखल जिभेला तितकाच चिकटतो. अगेट झालेल्या दगडावर तिचा काही उपयोग नाही. १० पटीचं भिंग घ्या, जीभ बोलायला ठेवा.

मिस्कील_मोरू
'शेण खाल्लं' म्हणतात ते हेच असावं.

वरोरेकर
युटा-कॅनडा फिरून झालं असेल तर आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात या. वरोरा तालुक्यातलं पिसदुरा हे जगातल्या गाजलेल्या कॉप्रोलाइट जागांपैकी एक. लॅमेटा थर, क्रिटेशियस काळाचा, म्हणजे डायनासोरांच्या युगाचा अगदी शेवट. भूवैज्ञानिक मॅटले यांनी १९३९ साली तिथल्या नमुन्यांचे आकारावरून गट पाडले. त्यातला मोठा 'ए' गट टायटॅनोसॉर या लांब मानेच्या शाकाहाऱ्यांचा मानतात. शेजारच्या डोंगरगावातूनच इसिसॉरस या टायटॅनोसॉरचा सांगाडा मिळाला.

त्यातली खरी गंमत २००५ साली उघड झाली. या शेणात गवताचे फायटोलिथ, म्हणजे गवताच्या पेशींत साठणारे सिलिकाचे सूक्ष्म कण, सापडले. तोवर डायनासोरच्या काळात गवत होतं असं ठामपणे म्हणता येत नव्हतं. सोबत ताड, शंकुधारी झाडं, इतर पानं यांचेही अवशेष होते. पुढे २०११ साली भाताच्या कुळाशी नातं सांगणारे फायटोलिथही तिथूनच नोंदले गेले. पानांवर रोग पाडणाऱ्या बुरशीचे अवशेषही या शेणात मिळालेत.

हे सगळं कोणी कॅब पाडून शोधलेलं नाही. नमुना कुठल्या थरातून आला ही नोंद होती म्हणून त्याला अर्थ होता. तिथले गोळे नांगरलेल्या शेतात वर येतात, आणि हौशी लोक पिशव्या भरून नेतात ते बघवत नाही. ते पॉलिशचे दगड नव्हेत. दिसला तर जागेवरच पट्टी किंवा नाणं ठेवून फोटो काढा, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश लिहा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. त्यांच्या मध्य विभागाचं मुख्यालय नागपुरातच आहे. आणि शेतमालकाला विचारल्याशिवाय बांध ओलांडू नका, उभ्या पिकात तर मुळीच नाही.

अकीकवाला
वरोरेकर, शंभर टक्के अनुमोदन. माझा नियम साधा आहे: आकार शाबूत असेल किंवा जागेची नोंद असेल तर ब्लेड लावू नये. दोन्ही नसलेला, फुटका, अगेट झालेला गोळा बिनधास्त कापावा.

भूस्तर
नियम अर्धाच बरोबर. जागेची नोंद असलेला नमुनाही कापावा लागतो, आत काय आहे ते दुसऱ्या कशाने कळणार? फरक एवढाच की आधी सगळ्या बाजूंनी फोटो, मापं, वजन, शक्य तर साचा. मग एक काप, आणि दोन्ही अर्धे एकाच क्रमांकाखाली जपून. इंग्लिश भूवैज्ञानिक बकलंड यांनी १८२९ साली 'कॉप्रोलाइट' हे नाव दिलं. त्याआधी जीवाश्म शोधणाऱ्या मेरी ॲनिंग यांच्या लक्षात आलं होतं की हे गोळे इक्थिओसॉर या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याच्या सांगाड्यात पोटाच्या जागी मिळतात आणि फोडले की आत माशांची हाडं-खवले निघतात. फोडलं म्हणून कळलं.

सॉल्टलेक_सदाशिव
आणि त्याच बकलंडनी एडिंबराजवळच्या वॉर्डीचे माशांचे कॉप्रोलाइट कापून, पॉलिश करून टेबलाच्या फळीत जडवून घेतले. ते टेबल आज लाइम रीजिसच्या संग्रहालयात आहे. तेव्हा कॉप्रोलाइट घासून चकचकीत करायची हौस आजकालची नाही.

कणाद_पुणे
थोडं अवांतर. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये केंब्रिजशायर आणि सफकमध्ये 'कॉप्रोलाइट' खणून गंधकाम्लात विरघळवून सुपरफॉस्फेट खत करायचा मोठा धंदा होता. इप्सविच शहरात कॉप्रोलाइट स्ट्रीट अजून आहे. त्या मालातले बहुतेक गोळे म्हणजे साध्या फॉस्फेटच्या गाठी, विष्ठा थोडीच. म्हणजे नावाचा हा घोळ तेव्हापासूनचा.

मिस्कील_मोरू
शेणाचं पुन्हा खतच केलं म्हणायचं. सहा कोटी वर्षं उशिरा, पण केलं.

चक्रधर
धागा भरकटायच्या आत खड्ड्यांच्या प्रश्नावर येतो.

खड्डे का पडतात? या दगडात अगेट (कठीणता साडेसहा-सात) आणि त्याच्या मध्ये मातकट, लोहयुक्त किंवा अर्धवट सिलिका झालेले मऊ पट्टे असतात. झिजलेल्या चाकावर दाब दिला की चाक कठीण भागावर तरंगतं आणि मऊ भाग ओरबाडतं. नंतर कितीही पॉलिश करा, तिथे मंद डाग दिसणारच.

उपाय आधीच्या टप्प्यांत आहे, पॉलिशमध्ये नाही:

स्लॅब कापून झाल्यावर ओला करा आणि उजेडात तिरका धरून वाळू द्या. पृष्ठभाग कोरडा पडत जातो आणि भेग असेल तिथे ओली काळपट रेघ मागे राहते. ती रेघ पेन्सिलीने गिरवा. कॅबचा साचा त्या रेघा टाळून ठेवा. कॅबची कड आखायला अॅल्युमिनियमची टोकदार सळई वापरा, शाईची रेघ पाण्यात धुऊन जाते.

मातकट पट्टे जास्त असतील तर आधी दगड पक्का करून घ्या. स्लॅब ६०-७० अंशांवर काही तास पूर्ण वाळवा. मग गरम असतानाच पातळ, सावकाश धरणारं इपॉक्सी वर सोडा. दगड गार होताना ते आत ओढून घेतो. वरचं पुसून घ्या आणि डब्यावर लिहिलेल्या पूर्ण वेळेपर्यंत हात लावू नका.

मग चाकं. ८० चं चाक या दगडासाठी विसरा. ते कण उपटून काढतं आणि उपटलेले खड्डे ६०० पर्यंत पाठ सोडत नाहीत. ट्रिम सॉवर रेघेच्या १-२ मिमी बाहेरून कापा आणि थेट २२० वर घ्या. मागच्या कडेला आधी छोटा उतार द्या, नाहीतर कड टवकते. कंबर (कॅबची उभी कड) दीड मिमी ठेवा. २८० ते ३००० मऊ रेझिनची चाकं, पाणी भरपूर, दाब नावापुरता. प्रत्येक टप्प्यानंतर दगड पुसून कोरडा करून भिंगाखाली बघा, ओल्या दगडावर ओरखडे लपतात. चाक बदलताना दगड, बोटं आणि डॉपची काडी (कॅब मेणाने चिकटवून धरायची) जुन्या टूथब्रशने धुवा. ६०० वर आलेला २२० चा एक कण अख्ख्या कॅबवर रेघ ओढतो.

शेवटी फेल्टवर सेरियम ऑक्साइड, दुधासारखं पातळ. पूर्ण सिलिका झालेल्या भागाला ते झकास लागतं. फॉस्फेटचा मऊ नमुना (कठीणता पाचच्या आसपास) असेल तर चामड्यावर अॅल्युमिनियम ऑक्साइड घ्या.

सातारी_कंदी
इपॉक्सीची एवढी भानगड कशाला? पातळ सुपरग्लू ओतायचा, मिनिटात काम.

चक्रधर
मिनिटात धरतो म्हणूनच आत शिरत नाही. वरच्या थरातच गोठतो, २२० वर तो थर निघून जातो आणि खाली पुन्हा कच्चा दगड. शिवाय चाकावर दगड तापला की मऊ पडतो. एखादी केसासारखी भेग तात्पुरती धरून ठेवायला ठीक, अख्खा स्लॅब पक्का करायला नाही. धूरही डोळ्यांना झोंबतो.

अकीकवाला
चक्रधर, बाकी सगळं मान्य, पण ८० चं चाक सरसकट बाद करू नका. पूर्ण अगेट झालेल्या, भेग नसलेल्या भागावर झिजलेलं ८० चं चाक चालतं, वेळ वाचतो. नवीन ८० चं मात्र नकोच.

दुसरं, तेल की पाणी हे अजून कोणी बोललं नाही. हा दगड सच्छिद्र असतो, तेलावर कापला तर मातकट पट्टे तेल पितात. मग डॉपचं मेण धरत नाही, इपॉक्सी धरत नाही आणि पिवळ्या भागावर कायमचा डाग बसतो. पाण्यावर कापा, त्यात गंजरोधक मिसळा, काम झालं की टाकी रिकामी करून ब्लेड क्षणभर कोरडं फिरवा. तेलावरच कापावं लागलं तर स्लॅब लगेच लाकडाच्या भुशात पुरून ठेवा, मग भांडी घासायच्या साबणाने गरम पाण्यात.

ब्लेड कापायचं मंदावलं की दाब वाढवू नका. अगेटवर डायमंडचे कण गुळगुळीत होऊन धातूत दबतात. सिलिकॉन कार्बाइडच्या ड्रेसिंग कांडीत किंवा मऊ विटेत दोन-चार काप घ्या, कण उघडे पडतात.

प्राजू_कोथरूड
माझ्याकडे यातलं एकही मशीन नाही. फ्लॅटमध्ये राहून, कोणाकडून तरी कापून आणलेला अर्धा गोळा हाताने पॉलिश होईल का?

चक्रधर
होईल, घाम गाळायची तयारी हवी. १० मिमी जाड काचेचे तुकडे घ्या, काचवाल्याकडे कड मारून मिळतात. सिलिकॉन कार्बाइड पावडर २२०, ४००, ६००, १००० अशी. प्रत्येक ग्रिटला वेगळी काच. काचेवर चिमूटभर पावडर, चमचाभर पाणी, दगडाचा सपाट चेहरा खाली, आणि इंग्रजी आठच्या आकारात फिरवा. सुरुवातीला चेहऱ्यावर मार्करने चौकटी आखा. चौकटी सगळीकडून सारख्या पुसल्या गेल्या की चेहरा सपाट झाला. मधेच रेघ शिल्लक राहिली तर तिथे खळगा आहे, २२० सोडू नका. पुढे पॉलिशला लाकडी फळीवर ताणून बसवलेलं चामडं आणि सेरियम. सपाट चेहऱ्याला आरशासारखी झाक आणणं कॅबपेक्षा अवघड असतं, ६०० पर्यंत नेऊन थांबलात आणि वरून पाणी मारून दाखवलंत तरी मुलांना आतलं सगळं दिसेल.

सातारी_कंदी
अर्धा गोळा कापायला फरशीवाल्याचं ४ इंची मार्बल कटर चालेल की. कडप्पा कापतात तसं.

धूळभेट
थांबा. इथे दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात.

एक, मार्बल कटर हातात, वर पाण्याची धार आणि गोल दगड पायाखाली धरलेला: ही अपघाताची तयारी आहे. ११० मिमीचं ब्लेड फार तर तीस-पस्तीस मिमी आत जातं, मग दगड उलटवून दुसऱ्या बाजूने कापावं लागतं आणि दोन काप जुळत नाहीत. मधेच ब्लेड अडकलं की मशीन उसळतं. त्यात पाणी आणि वीज एकत्र. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) नसलेल्या बोर्डावर हा उद्योग नकोच.

दोन, धूळ. अगेट म्हणजे सिलिका. कोरडं घासलं की डोळ्याला न दिसणारी धूळ फुप्फुसात जाते आणि बाहेर येत नाही. खंबातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांमधला सिलिकोसिस हा जगजाहीर आहे. कायम ओलं काम, शिवाय नीट बसणारा एन ९५ किंवा त्यावरचा मास्क. ओली फवारणी वाळली की तीच धूळ होते, म्हणून टेबल-फरशी ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका. गाळ बेसिनमध्ये ओतू नका, पाइपात सिमेंटसारखा बसतो. बादलीत निवळू द्या, वरचं पाणी काढा, गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून टाका.

सॉल्टलेक_सदाशिव
धूळभेट यांच्या यादीत तिसरी गोष्ट: किरणोत्सार. मॉरिसनच्या सॉल्ट वॉश भागात युरेनियम-व्हॅनेडियमच्या खाणी होत्या, आणि जीवाश्म हाडं भूजलातलं युरेनियम शोषून घेतात. सगळेच दगड तसे नसतात, पण फॉस्फेटचा, जड, काळपट नमुना असेल तर कापण्याआधी गायगर काउंटर धरून बघावा. नेहमीच्या पार्श्वभूमीपेक्षा काटा ठळकपणे वर गेला तर तो दगड घासायचा नाही. हवेशीर कपाटात अख्खा ठेवायचा, झोपायच्या खोलीत नाही.

आणि इकडे अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी: सार्वजनिक जमिनीवरून पृष्ठवंशी प्राण्यांचे जीवाश्म परवान्याशिवाय उचलता येत नाहीत, आणि त्यात पावलांचे ठसे आणि विष्ठाही येतात. २००९ चा कायदा कडक आहे. अश्मीभूत लाकडाला दिवसाला २५ पौंडांची मुभा असते, तिचा गैरसमज करून लोक कॉप्रोलाइट पण पिशवीत टाकतात. खासगी जमीन, मालकाची लेखी परवानगी किंवा दुकान, एवढेच मार्ग. दुकानातून घेताना पावतीवर 'खासगी जमिनीवरून' असं लिहून घ्या. पुढे विकायचं झालं तर गिऱ्हाईक हाच कागद मागतं.

गारगोटी
सगळ्यांचे आभार. पावती आहे, त्यावर तसं लिहिलंय. काउंटर मिळवून बघतो. पण मूळ प्रश्न अजून लोंबकळतोय: खिडकी पाडल्यावर नेमकं काय बघून आडवं-उभं ठरवायचं?

अकीकवाला
तीन गोष्टी बघा.

भेगा. खिडकीच्या चेहऱ्यावर मधून कडेकडे चांदणीसारख्या भेगा असतील आणि त्यांत अगेट भरलेलं असेल तर बहुतेक त्या लांबीभर तशाच जातात. मूळ गोळा वाळून आक्रसला तेव्हा पडलेल्या भेगा त्या. अशा वेळी आडवा काप सुंदर दिसतो, प्रत्येक स्लॅबवर तीच चांदणी थोडी बदलत जाते. पण भेगा रिकाम्या असतील तर आडवा स्लॅब सुटा होतो. मग उभं कापा, किंवा इपॉक्सी पाजून मगच आडवं.

पोकळी. मधे स्फटिकांनी भरलेली पोकळी दिसली तर तिच्या मधून उभा काप घ्या. आडव्या कापांत तिची नुसती भोकं होतात. उभ्यात ती अख्खी उघडते आणि तोच तुमचा कपाटातला तुकडा.

रंग. काळ्या मँगॅनीजच्या रेघा एका थरात आहेत की झाडाच्या फांद्यांसारख्या पसरल्यात ते बघा. थरात असतील तर त्या थराला काटकोनात कापा, नाहीतर अख्खा स्लॅब काळा येतो.

तुमच्या मापात माझा सल्ला: खिडकी एक सेंमीवर. मग भेगांनी परवानगी दिली तर ७ मिमीचे दोन आडवे स्लॅब. ६ नाही ७, कारण पोकळी निघाली तर खाली घासायला जागा लागते. त्यातून दोन-तीन कॅब निघावेत. खिडकीसह तीन काप मिळून पावणेचार मिमी भुकटी झाली. उरलेल्या आठ-सव्वाआठ सेंमीच्या तुकड्याचा कापलेला चेहरा काचेवर सपाट करा, बाहेरचा खडबडीत भाग तसाच ठेवा. मागे आकार दिसतो, पुढे अंतरंग.

भूस्तर
आणि खिडकीचं पहिलं टरफल फेकू नका. त्यात वनस्पतीचा किंवा हाडाचा अवशेष असेल तर पातळ छेद घ्यायला तोच तुकडा कामी येतो. स्लाइडसाठी दगड ३० मायक्रॉनपर्यंत घासावा लागतो, त्याला दोन-तीन सेंमीचा तुकडा पुरतो. भूशास्त्र शिकवणाऱ्या कॉलेजात छेद करायची सोय असते. चौकशी करा, 'संभाव्य' शब्द खोडायचा की नाही ते तिथेच ठरेल.

टरफल, स्लॅब आणि मोठा तुकडा, तिघांवर बारीक पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन एकच क्रमांक लिहा. चिठ्ठी सोबत ठेवली की हरवते.

प्राजू_कोथरूड
पांढरा रंग कुठला? नेलपॉलिश चालेल?

भूस्तर
संग्रहालयात अॅसिटोनमध्ये विरघळवलेला पॅरालॉइड बी ७२ खाली आणि वर लावतात, मधे क्रमांक. तो पुढे अॅसिटोनने स्वच्छ निघतो. नेलपॉलिश चालतं, पण काही वर्षांनी पिवळं पडून पापुद्रा सुटतो आणि क्रमांकासकट जातं. लावायचं तर खडबडीत बाजूला, पॉलिश झाल्यावर, दगड पूर्ण कोरडा असताना.

मिस्कील_मोरू
मोठ्या तुकड्याचा फोटो टाका हो गारगोटी. घरच्यांना काय सांगून कपाटात ठेवणार तेही लिहा.